आधी अर्ज, मग चहा

माझी बायको शांता वारली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. आज शेजारी शेंगा उकडल्याचा वास आला अन् तिचं एक जुनं बोलणं आठवलं.

तेव्हा लढाई चालू होती. अकोल्याच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत मी चहा करायचो. रॉकेलच्या रांगेत मारामारी केली म्हणून शांताच्या भावाले पोलिसांनी धरलं होतं. महिना झाला तरी जामीन नव्हता. त्या दुपारी वकील मंडळी रेडिओ बारीक करून बोलून राहिली होती, की लढाई असली तरी गरिबाले खटल्याविना कोंडू नये, कायदा सुधारला पाहिजे.

शांता माझा डबा घेऊन आली होती. दारातूनच म्हणाली, "वकीलसाहेब, कायदा सुधरन तवा सुधरन. माह्या भावाचा अर्ज कोण लिहिते?"

मोठे वकील हसले. "उद्या पाहू, बाई."

"उद्या उद्या करताच महिना झाला."

मले तिची लाज वाटली. घरी येऊन तिच्यावर ओरडलो. ती जेवली नाही. रात्री पडल्या पडल्या वाटलं, त्या खोलीत तिचंच डोकं ठिकाणावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वकिलांची खोली झाडली, कप मांडले, पण स्टोव्ह पेटवला नाही. "आधी अर्ज लिहा, साहेब," म्हटलं, "मंग चहा."