देवीला सोडलेलं मीठ

मी देवीला मीठ सोडलं ते, खरं सांगायचं तर, लाजेपायी. सोलापूरजवळ कुंभारीला आमचं शेंगाचटणीचं छोटंसं काम आहे. उखळात दाणे, लसूण, तिखट कुटायचं आणि चव बघायला चिमूटभर जिभेवर ठेवायचं, हे मी वीस वर्षं करत आले. पण गेल्या उन्हाळ्यापासून मला काय झालं कोण जाणे, चटणी राहिली बाजूला आणि मी मिठाचे खडेच तोंडात टाकायला लागले. आधी एखाददुसरा, मग चांगली मूठभर. कुणाची चाहूल लागली की पदरानं तोंड पुसायचे. पन्नाशीच्या बाईनं चोरून मीठ खावं, ही कसली अवदसा!

त्याच सुमारास अंगातलं त्राण गेलं. बसलेली उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची. वजन उतरलं, पोलकी ढगळ झाली आणि रंग असा काळवंडला की माझ्याच सख्ख्या बहिणीनं मला लांबून ओळखलं नाही. "उन्हात लई हिंडतीस," असं आमचे हे म्हणायचे. हिंडायला पायात जोर कुठं होता? गावातल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्यानं काही फरक पडला नाही. मी मुळातच तापट. मोठ्या दवाखान्यात जा म्हणणाऱ्यावर खेकसायचे. डॉक्टरांवरचा विश्वास उडालाच होता, देवीवरचाही उडत चालला होता, हे आज कबूल करते. इतकी वर्षं तिचे मंगळवार केले, मग हे माझ्याच वाट्याला का, असं मनात यायचं.

आमच्याकडं नवस बोलताना जिवाला आवडतं ते सोडायची रीत आहे. कुणी वांगं सोडतं, कुणी चहा. श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी मी देवीपुढं उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणाले, आई, ही माझी हाव तुझ्या पायाशी ठेवते. सव्वा महिना अळणी खाईन, पण माझं अंग मला परत दे. घरी फक्त अळणी व्रत धरलंय एवढंच सांगितलं. खडे खाण्याची गोष्ट देवीशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

पहिला आठवडा रेटला. दुसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणी ठरेना, हातपाय गार पडायचे. देवी परीक्षा बघते आहे, असं मी धरून चालले. तिसऱ्या मंगळवारी यांचा हात धरून देवळात गेले आणि रांगेतच कोसळले. डोळे उघडे होते, सगळं ऐकू येत होतं, पण जीभ हलेना. लोक जमले. कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणालं, तर हे घाईघाईनं म्हणाले, "मीठ नगं, तिचं व्रत हाय. नुसती साखर घाला."

तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढं आली. सोलापुरातल्या विणकरांच्या घरातली असावी, बोलण्यात तेलुगू हेल होता. तिनं माझा हात उचलला, तळवा उलटा करून निरखला. मग बाजारात शेळीचे दात बघावेत तसा माझा खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या. "अय्यो, हाताच्या ह्या रेघा कधीपासून काळ्या झाल्या?" असं विचारलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "खरं सांगा अक्का, मीठ खावंसं वाटतंय ना? खडे खाता ना तुमी?"

जे फक्त देवीला ठाऊक होतं, ते ही अनोळखी बाई भर देवळात मला विचारत होती! मी कशीबशी मान हलवली आणि रडायलाच लागले.

त्या बाईनं यांचं काही ऐकून घेतलं नाही. रिक्षा बोलावली, मला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंना आपल्या पिशवीतलं आजाराचं कार्ड दाखवून म्हणाली, "मला हाच आजार हाय. हिच्या रक्तातलं मीठ बघा, कॉर्टिसोल बघा." डॉक्टरीणबाईंनी हात-हिरड्या पाहिल्या, रक्तदाब घेतला आणि त्यांचा चेहराच बदलला. रक्त काढून घेतलं, पण अहवालाची वाट न बघता लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं.

संध्याकाळपर्यंत मला बोलता यायला लागलं. वर टांगलेल्या बाटलीकडं बघून मी विचारलं, हे कसलं औषध? "औषध कसलं, मिठाचं पाणी आहे," डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या. मी ताडकन उठायला गेले. "काढा ती सुई! माझा नवस मोडला!" यांनी मला धरून ठेवलं. डॉक्टरीणबाई मात्र माझ्याजवळ बसल्या आणि मला समजेल असं सांगितलं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, त्यांना अ‍ॅड्रिनल म्हणतात. त्यांचे रस, कॉर्टिसोल त्यातलाच एक, अंगात मीठ धरून ठेवतात, रक्तदाब सांभाळतात, दुखण्याशी झुंजायला बळ देतात. ते आटले की कातडी आणि हिरड्या काळवंडतात. लग्नानंतर मला टीबी झाला होता, त्यानंच त्या ग्रंथी हळूहळू खाल्ल्या असाव्यात. "मावशी, ती हाव नव्हती. तुमचं शरीर जगायला मीठ मागत होतं आणि तुम्ही तेच बंद केलंत. आणखी एक दिवस गेला असता तर तुम्ही आमच्या हातात राहिला नसता."

मी ज्याला पाप समजून लपवत होते, ते माझं जिवंत राहणं होतं!

आता गोळ्या जन्मभर आहेत. एकही दिवस गोळी चुकवायची नाही, आपल्या मनानं बंद करायची नाही. ताप आला की डॉक्टरांनी सांगितलंय तशी मात्रा वाढवायची आणि उलटीनं गोळी ठरेना तर इंजेक्शनसाठी तडक दवाखाना गाठायचा. हे सगळं त्या बाईनंच खाटेशेजारी बसून माझ्याकडून पाठ करून घेतलं. चुकले की रागवायची, "तुमाला देवीनं काय रोज रोज मला पाठवायचं का?" तिला त्या दिवशी देवळात यायचंच नव्हतं म्हणे. माग बंद पडला म्हणून मोकळा वेळ मिळाला आणि सहज आली. हा योगायोग का आणखी काही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

बरी झाल्यावर देवळात गेले. नवस मोडल्याचं मनात अजून खुपत होतं. देवीच्या मुखाकडं बघता बघता माझं मलाच कळलं. तिनं कधी मीठ मागितलंच नव्हतं. काय द्यायचं तेही मीच ठरवलं आणि बरं कसं व्हायचं तेही मीच ठरवलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्यापुढं काही बोलले नाही, काही कबूल केलं नाही, नुसते हात जोडले. लोकांचे नवस देवी पुरे करते. माझा तिनं मोडला, म्हणून मी आज आहे.