बाभळीपाशी खाली केलेला हात

आमच्या धाकटीला पुढच्या महिन्यात सायकलीवर नांदेडहून लातूरला जाऊन एका दिवसात परत यायचं हाय. मागच्या साली लातूरहून परतताना तिला टेम्पोत बसावं लागलं. लई जिव्हारी लागलं तिच्या. नोकरी नांदेडला, पण दर रविवारी चाकूरला घरी येऊन सराव करते. चढावर चार मिनिटं जोर, मग उतारानं हळूहळू परत. अशा पाच खेपा.

तिची आई वर बाभळीपाशी उभी राहायची. पोरगी चढाला लागली की तळहात खाली करून हलवायची. हळू. मला हसू यायचं. एकदा चारचौघांत म्हणलो, पोरगी शर्यतीला निघाली आन तू तिला गाभण म्हशीवाणी चालवायलीस. तिनं पुढच्या रविवारीबी हात तसाच खाली केला.

तीन महिन्यांमागं भाकरी थापता थापता ती भिंतीला टेकून बसली. उठलीच न्हाई.

मग एका रविवारी बाभळीपाशी मी उभा राहिलो. जवानीत शंकरपटाच्या शर्यतीत बैलं हाकलेली, घसा तसाच हाय. दाब, दाब म्हणून वरडलो. पहिल्या खेपेला चार मिनिटं संपून तिच्या घड्याळाची शिटी वाजली, तवा पोरगी बाभळीच्या बरीच पुढं गेली होती. मी खूश. दुसरीला बाभळीपाशीच. तिसरीला पार अलीकडं. मी आणखी वरडलो. चौथीला अर्ध्या चढावर सायकल आडवी पडली आन पोरगी कडेला बसली. ओकली. ओठ पांढरे.

तिची आई अशीच बसली होती.

कसाबसा गेलो, पाणी पाजलं. दम आल्यावर म्हणली, "चूक माझी हाय बाबा. पहिल्याच खेपेला सगळं जाळलं."

"मग आई हळू म्हणायची ते?"

"पहिल्या चार खेपांना शिटी बाभळीपाशीच वाजली पाहिजे. पहिलीला अंगात जोर असतो, माणूस वाहवतं. आई तेवढं आवरायची. पाचवीला हात वर करायची, मग मोकळं सोडायचं."

दोन साल मी ते समोर बघितलं. वर केलेला हात कधी दिसलाच न्हाई, तवर मी घरी निघालेला असायचो. आन मागच्या साली लातूरच्या नाक्यावर उभा कोण होता? मीच. बायको येते म्हणत होती. तुझं काय काम तिथं, म्हणून तिला घरी ठेवली. नाक्यावर घसा फुटेस्तोवर वरडलो, पोरगी सुसाट गेली, आन पुढं टेम्पोत बसली. ती कशानं दमली ते तिनं घरी आईला सांगितलं असंल. मला दोघींनी एका शब्दानं सांगितलं न्हाई.

पोरगी सायकल उचलत म्हणली, "पुढच्या रविवारी या. पण तोंड बंद ठेवायचं जमंल का?"

गेलो. दात आवळून, तळहात खाली करून उभा राहिलो. चार खेपा, चारी शिट्या बाभळीपाशी. पाचवीला ती चढाला लागली आन माझ्या हाताकडं बघायली. मी हात वर केला. ती बाभळीच्या पुढं निघून गेली, वळणाआड झाली, तरी मला हात खाली घ्यायचं सुचलं न्हाई.