केराबाईच्या मनातली ओवी

मायाप्पा वेडा न्हवता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गिरणीच्या चाळीत आजबी त्याला वेडा म्हणणारे हायती, आन त्यातल्या निम्म्यांनी त्याची ती ओवी ऐकलेलीबी न्हाय.

सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तवा बायको केराबाई आन तान्ह्या पोरीला घिऊन चालत सोलापूरला निघाला. पोरगी वाटंतच गेली. केराबाई त्या दिवसाबद्दल परत कधी बोलली न्हाय. भाकरी थापायची, हसायची, भांडायची, पण तेवढं सोडून. मायाप्पा गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायला लागला, आन दर रविवारी माळावर बिरोबाच्या देवळाम्होरं ढोलाच्या तालावर ओव्या म्हणायला लागला. गळा असा, की हुसेनसाब टांगेवाला घोडं थांबवून ऐकायचा.

गोदामातला कारकून चनबसप्पा मैंदर्गीचा, इंग्रजी शिकलेला. सायबाच्या बंगल्यातनं रद्दीत निघालेली मासिकं वाचायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला, "मायाप्पा, अमेरिकेत दक्षिणेला असाच कापसाचा मुलूख हाय बघ. तिथल्या एकानं गोष्ट लिहिलीय. एक भाऊ विहिरीत उतरलाय, दुसरा वर दोर धरून उभाय. बास."

"मग म्होरं?"

"म्होरं काय न्हाय. दोर धरलेल्याच्या डोक्यात काय चाललंय तेवढंच. मधीच त्याचं ल्हानपण, मधीच बापाचं मरण. मागचं म्होरं, म्होरचं मागं. आता तिकडं असंच लिहितात."

"आन देव कवा येतो?"

"येतच न्हाय की."

मायाप्पाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

बिरोबाच्या ओवीत एका धनगरणीचं लेकरू मरतं. दोन ओळीत मरतं, तिसरीत देव येऊन उठवतो. मग भंडारा उधळायचा, आन तोवर माळावरनं कुणी उठायचं न्हाय, अशी रीत. मायाप्पानं हे कैकदा केराबाईच्या तोंडावर गायलं हुतं. आता त्याला वाटाय लागलं, दुसऱ्या आन तिसऱ्या ओळीच्या मधी त्या बाईच्या डोक्यात काय चाललं आसंल? केराबाईला सरळ विचारायची छाती न्हवती. ओवीत घालून म्हणावं, ऐकून ती बोलंल, एवढीच त्याची आशा.

रविवारी केराबाई बायांत बसलेली बघून त्यानं तसंच केलं. लेकरू गेलं, आन ओवी बाईच्या मनात शिरली. तिथनं तिच्या लग्नात गेली, एका लंगड्या कोकरापशी थांबली, परत लेकराच्या गार पायावर आली. चुलतभाऊ गुंडा मागनं ओळ झेलायचा, तो गडबडला.

"आरं, मागं गेलास का म्होरं?" त्यानं हळूच विचारलं.

ढोल अडखळला, मग थांबलाच. एकट्या मायाप्पाचा आवाज राहिला. लोक उन्हात बसून. देव काय येईना.

"बिरोबाला बलीव की आता, म्हशी पिळायच्यात," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मायाप्पानं ओवी बाईच्या रडण्यावर नेऊन सोडली. म्हातारा ज्ञानबा पुजारी उठला, त्यानं आपल्याच हातानं भंडारा उधळला. "उठा," म्हणाला, "ही ओवी न्हवं."

माळ रिकामा झाला. गुंडा तेवढा थांबला. "फुडच्या टायमाला काय धरायचं ते आदी सांग. मी धरतो. ह्यांचं सोड."

घरी आल्यावर केराबाईनं चूल पेटवली. मग म्हणाली, "ती बाई रडली म्हनलास."

"व्हय."

"न्हाय रडली."

मायाप्पा चुलीपशी येऊन बसला. "मग काय केलंस तू?"

"त्या दिवशी वाटंनं तू लई म्होरं चालत हुतास. तुला काय ठावं."

"तेच इचारतोय की."

"सांगितलं तर तू गाशील."

"न्हाय गानार."

केराबाईनं त्याला वरपासनं खालपतूर बघितलं, मग घागर उचलून नळावर गेली.

तवापासनं मायाप्पा माळावर गायला गेला न्हाय. गुंडा दर रविवारी हाक मारून बघतो. हा म्हणतो, "तुमी व्हा फुडं." आन उंबऱ्यावर बसून ऱ्हातो. केराबाई ज्वारी पाखडत बाजारातलं सांगते, शेजारणीची भांडणं सांगते. तो व्हय व्हय म्हणतो, आन बोलता बोलता ती जरा थांबली, की मान वर करतो.