एका दिवसाच्या पिल्लांची गाडी

मानपाड्याच्या एमआयडीसीतली ह्यांची रंगाची कंपनी बंद पडली तेव्हा हे पन्नाशीला टेकले होते. हातात फिटरचं काम होतं, पण त्या वयाच्या फिटरला कोणी नव्याने घेत नव्हतं. बरेच महिने घरात बसून काढल्यावर एक दिवस हे म्हणाले, "आपण गाडी घेऊ." मला वाटलं छोटा टेम्पो घेतील. ह्यांनी मोठी डिझेल व्हॅन आणली. पांढरी, मागे सगळीकडून बंद पत्रा, खिडकी एकही नाही. डाव्या बाजूला सरकता दरवाजा आणि मागे कपाटासारखी उघडणारी दोन दारं. छत इतकं उंच की मी आत सरळ उभी राहायचे. आमच्या मजल्यावरच्या बायका ती बघायला खाली आल्या होत्या आणि प्रत्येकीने आत चढून उभं राहून पाहिलं.

ह्यांनी शोरूमवरून तिचे गुण पाठ करून आणले होते. भरलेली असली तरी चढावर मागे येत नाही, एवढी मोठी असून वळायला हलकी, आणि नव्या नियमांची असल्यामुळे धूर सोडत नाही. धूर नाही हे ह्यांना फार आवडलं होतं. उभी हयात वाफा आणि धूर गिळलेला माणूस, त्याला ते आवडणारच.

काम मिळालं ते कोंबडीच्या पिल्लांचं. तळोज्याच्या पलीकडे एक हॅचरी होती. तिथे अंडी मशीनमध्ये उबवायचे आणि पिल्लू बाहेर आलं की त्याच दिवशी कोंबड्या वाढवणाऱ्या शेडवाल्यांकडे पाठवायचे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत शंभर-शंभर पिल्लं. पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो म्हणून दोन दिवस त्यांना दाणापाणी लागत नाही. हवा मात्र लागते. थंडी लागली तरी मरतात, गरम झालं तरी मरतात. त्यासाठी ह्यांनी मागच्या भागात एसीचा दुसरा झोत काढून घेतला होता आणि हवा बाहेर ओढणारे पंखे बसवले होते. गाडी एकट्याने भरणं-उतरवणं व्हायचं नाही, म्हणून मी साड्यांना फॉल लावायचं काम सोडून ह्यांच्याबरोबर जायला लागले.

पहाटे निघायचो. शीळफाटा, कटाई, पत्री पूल करत आंबिवलीच्या पुढे एका शेडवाल्याकडे माल उतरवायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी. वर्ष-दीड वर्ष बरं चाललं.

एके दिवशी, मे महिन्यात, हॅचरीतली वीज गेली होती. पिल्लं मोजून, लस टोचून खोक्यांत भरेपर्यंत दुपार होत आली. मी म्हटलं, "अहो, उद्या नेऊ या का?"

"उद्यापर्यंत ती काय थांबणार आहेत? जन्मली ना ती."

निघालो. शीळफाट्यापासूनच गाड्या अडकल्या होत्या. मेट्रोच्या कामाने अर्धा रस्ता पत्र्यांनी बंद केलेला, त्यात एक ट्रेलर आडवा. पहिला गिअर, थांब, पहिला गिअर, थांब. समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. तो आधीही अधूनमधून लागायचा आणि जायचा. ह्यावेळी गेला नाही. कटाईच्या अलीकडे गाडीने एकदम दम सोडला. हे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबत होते आणि गाडी सायकलच्या वेगाने सरकत होती. मग एसीच्या जाळीतून येणारा वारा गरम झाला.

ह्यांनी गाडी कशीबशी कडेला एका नव्या टॉवरच्या भिंतीलगत घेतली आणि सर्व्हिसवाल्यांना फोन लावला. स्पीकरवर मीही ऐकत होते. पलीकडे एक मुलगी होती, आवाज शांत.

"सर, गाडीच्या सायलेन्सरमध्ये एक फिल्टर असतो. इंजिनची काजळी तिथे अडवली जाते. गाडी मोकळ्या रस्त्यावर वेगात चालली की ती काजळी जळून जाते. तुमची गाडी ट्रॅफिकमध्येच चालते का?"

"कल्याण-शीळ रोडला चालते," हे म्हणाले. "मोकळा रस्ता कुठून आणू?"

तिने सांगितलं की फिल्टर भरला म्हणून गाडीने स्वतःच आपली ताकद कमी केली आहे. इंजिन वाचवण्यासाठी ती तसं करते. आता गाडी उभी ठेवून एक बटण दाबायचं, इंजिन आपोआप जोरात फिरेल, काजळी जळेल. पाऊण तास तरी लागेल. मध्ये बंद करायची नाही. खाली फार तापतं, सुका कचरा नको.

"आणि एसी?" मी विचारलं.

"तोपर्यंत एसी चालणार नाही, मॅडम."

मी उतरून मागची दारं उघडली. आतून जी वाफ आली ती भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी. हॅचरीत गाडी भरताना पिल्लांचा एवढा चिवचिवाट असायचा की दाराशी उभं राहून बोलता यायचं नाही. आता तो अर्ध्यावर आला होता. मी वरच्या थरातलं एक खोकं खाली ओढलं. पिल्लं चोची उघड्या ठेवून, पंख सोडून बसली होती. कोपऱ्यातली काही आडवी होती. गरम हवा वर चढते. ज्या उंच छताचं आम्हाला कौतुक होतं, त्याच्याखालच्या खोक्यांतली पिल्लं आधी चालली होती.

"अहो, बटण दाबू नका. आधी सगळी बाहेर काढू."

"बाहेर ऊन बघ. रस्त्यावर ठेवणार? पाऊण तासात गाडी चालू होईल, सरळ घेऊन जाऊ."

"पाऊण तास काढणार नाहीत ती."

"तुला काय माहीत?"

"बघा ना मग. या इकडे, बघा."

ते आले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. मी एक खोकं उचललं आणि टॉवरच्या गेटकडे गेले. आत खांबांवर उभं पार्किंग होतं, गार, रिकामं. वॉचमन बिचारा गेट उघडायलाच लागला होता, तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. चांगले बोलले. लहान मुलं खेळतात, बर्ड फ्लूचं काही सांगता येत नाही, लोक मला विचारतील. मी खोकं उघडून दाखवलं. म्हटलं, ही आजारी नाहीत हो, उकडतंय त्यांना, तासाभराचा प्रश्न आहे. त्यांनी आत पाहिलं आणि मान वळवली.

"ताई, मला खरंच वाईट वाटतं. पण नको."

मी गेटबाहेर उभी होते आणि मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं. खोक्यातली चुळबुळ हाताला कळत होती आणि ती कमी होतेय हेही कळत होतं. टॉवरच्या पलीकडे जुन्या गावातलं एक आगरी घर होतं, ओट्यावर एक म्हातारी पाय पसरून बसलेली. तिने हाक मारली.

"काय झायला गो? रडतेस कशाला?"

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

"पिल्लं मरतायत, आजी. गाडी बंद पडली."

"मंग तिकरं काय उभी? इकरं आन. लादी थंडी हाय."

तिने पुढच्या खोलीतला सोफा स्वतः ढकलून भिंतीला लावला आणि दोन्ही पंखे लावले. मी पळत गाडीकडे आले. हे तेव्हा खाली उतरले. खोकी उचलायला लागले. वॉचमनही गेट सोडून आला. आम्ही तिघं ये-जा करत होतो. म्हातारी एकेक खोकं उघडायची, जिवंत पिल्लू उचलून त्याची चोच वाटीतल्या पाण्यात बुडवायची आणि लादीवर सोडायची. मेलेलं गोणपाटावर. तिचे हात सराईत होते, चेहऱ्यावर काही नव्हतं. खोली पिवळी झाली. काही पिल्लं पंख्याखाली थोड्या वेळाने उभी राहिली, काही उभी राहून पुन्हा पडली. खालच्या थरातली बरीचशी वाचली. वरच्या दोन थरांतलं मोजकंच काही हललं.

सगळी खोकी आत आल्यावर हे गाडीकडे गेले आणि त्यांनी ते बटण दाबलं. इंजिनचा आवाज घरापर्यंत येत होता, एकसारखा, घशात अडकल्यासारखा. मी गोणपाटाची टोकं बांधत असताना तो थांबला. हे दारात आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला.

"नाही झालं. लाल दिवा आला. टोइंग करून नेणार म्हणतायत."

मी म्हटलं, "बसा जरा." ते ओट्याच्या पायरीवर बसले.

"कंपनीत मशीन बिघडलं की मी उघडायचो," ते म्हणाले. "रात्रपाळी असो, काही असो. पाना घेऊन आत हात घालायचो. हिला उघडताच येत नाही गं. फोन करून विचारायचं, काय दुखतंय तुला." मग त्यांचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही असं पाहिलं नव्हतं. म्हातारीने आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला आणि परत पिल्लांकडे गेली.

आंबिवलीच्या शेडवाल्याला मी फोन केला. तो स्वतःची पिकअप घेऊन आला तेव्हा उन्हं उतरली होती. त्याने शेडमध्ये भाताचं तूस पसरून, दिवे लावून सगळी तयारी केलेली. गोणपाटाकडे बघून त्याने तोंडावरून हात फिरवला.

"दादा, मला पिल्लं पूर्ण पाहिजे होती," तो ह्यांना म्हणाला. "शेड रिकामी राहणार आता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर ह्यांना काहीतरी बोलता आलं असतं.

हॅचरीने काम काढून घेतलं. गाडी वर्कशॉपमधून बरी होऊन आली आणि बिल्डिंगखाली उभी राहिली. हे सकाळी उठून खिडकीतून तिच्याकडे बघायचे आणि पेपर उघडायचे. वर्तकनगरच्या एका दुकानाच्या गाद्या पोचवायचं काम मिळालं, तेही आठवड्यातून एखाद-दुसरी फेरी. एवढ्या मोठ्या गाडीला रोज पुरेल असं काम कोणाकडेच नव्हतं. ह्यांचं जेवण कमी झालं, मग बोलणं. एकदा मी त्यांना अर्धवट उघड्या दारातून गाडीच्या आत, मागच्या रिकाम्या भागात खाली बसलेलं पाहिलं. मी तशीच वर आले.

पावसाळा संपल्यावर हॅचरीच्या मॅनेजरचा फोन आला. दुसऱ्या गाडीवाल्याने काम सोडलं होतं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. मला नाही म्हणायचं होतं. गॅसवर भात होता, ह्यांचा चेहरा समोर होता, दुसरं काही नव्हतं. मी हो म्हटलं. एवढंच सांगितलं की माल उशिरा तयार झाला तर आम्ही उचलणार नाही. मॅनेजर म्हणाला, बघू.

आता मी पुढे बसत नाही. पुढच्या सीटच्या मागे जाड पत्रा आहे, मागचा आवाज नीट कळत नाही, आणि काट्यांवर माझा विश्वास उरला नाही. मी मागे, खोक्यांच्या मधे ठेवलेल्या पाटावर बसते. हे दार लावतात तेव्हा मिट्ट काळोख होतो. आजूबाजूला तो चिवचिवाट, उबट वास, पायाखाली इंजिनची थरथर. कटाई आली हे मला गाडी थांबत-थांबत चालायला लागली की कळतं. हे पुढून पत्र्यावर बोटांनी वाजवतात. मी कान देऊन ऐकते, सगळी ओरडतायत ना याची खात्री करते आणि मग आतून वाजवते.