विसावा अंगठा

बाविसाव्या वर्षी मी देशातली निरक्षरता संपवायला निघाले होते. घरच्या फडताळातली झुरळं माझ्याच्यानं संपत नव्हती, ती गोष्ट वेगळी.

आम्ही तेव्हा कासारवाडीला राहायचो. नवरा कंपनीत. तो पहिल्या शिफ्टला गेला की घर मला खायला उठायचं. मी मॅट्रिक पास, खांद्याला झोळी आणि डोक्यात हवा. नदीपलीकडे रहाटणीत बायकांसाठी साक्षरता वर्ग निघणार आणि त्याला शिकलेली बाई हवी, असं कानावर आलं. ही बाई जणू जन्मापासून त्याचीच वाट बघत होती.

वर्ग सुरू व्हायच्या आधी शिक्षण खात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, पैसा वरून येतो," ते म्हणाले.

"म्हणजे मुंबईहून?"

"त्याच्याही वरून." त्यांनी छताकडे बोट केलं. "परदेशात मोठमोठे लोक टेबलाभोवती बसतात. कुठल्या देशात शंभरातल्या किती माणसांना लिहिता येतं ते बघतात, मग पैसा सोडतात."

ते टेबल माझ्याच आकड्यासाठी खोळंबलंय, अशी माझी खात्री झाली.

मोजमाप सोपं होतं. वर्गाचं एक रजिस्टर. पहिल्या पानावर वीस बायकांचे अंगठे घ्यायचे, सहा महिन्यांनी शेवटच्या पानावर वीस सह्या. वीसच्या वीस आल्या तर वर्ग पुढं चालू, पाट्या, खडू, माझं मानधन सगळं मंजूर. एक जरी कमी पडली तरी वर्ग बंद.

"आणि वाचायला शिकवायचं?" मी विचारलं.

"वेळ उरला तर शिकवा की."

वेळ कशाला उरतोय! मी प्रत्येकीच्या पाटीवर तिचं नाव ठळक काढून द्यायचे आणि त्या बिचाऱ्या गिरवायच्या. एकदा माझ्याच गोंधळात दोघींच्या पाट्यांची अदलाबदल झाली. दोघींनी तासभर एकमेकींची नावं सुरेख गिरवली आणि कुणालाच काही कळलं नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी गुपचूप पाट्या बदलल्या आणि अहवालात लिहिलं, 'प्रगती समाधानकारक.'

वर्गात सगळ्यांत म्हातारी एक विधवा मावशी होती. तिच्या नावात दोन जोडाक्षरं, म्हणून तिची मला भारी धास्ती. पण पाचव्या महिन्यात तिची सही बाकी सगळ्यांपेक्षा देखणी यायला लागली. वर्ग भरायचा तिच्या धाकट्या दिराच्या पडवीत. आपण होऊन त्यानं जागा दिलेली, वर रोज चहा. जाता-येता चौकशीही करायचा, "काय वहिनी, सही जमली का?"

मी विरघळले. भावाच्या विधवेच्या शिक्षणाची एवढी कळकळ! अहवालात मी त्याच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहिला, 'अशा पुरोगामी पुरुषांची समाजास गरज आहे.' घरी तो नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला.

"मग त्याची स्वतःची बायको का येत नाही वर्गाला?" नवऱ्यानं विचारलं.

"तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही," मी म्हणाले आणि त्याच्या ताटात शिळी भाकरी वाढली.

शेवटच्या दिवशी साहेब आले. पडवीत खुर्ची, टेबल, टेबलावर रजिस्टर. बायका नवी लुगडी नेसून एकेक पुढं आल्या. सही झाली की टाळ्या. एकोणीस झाल्या. विसावी मावशी. तिनं पेन हातात घेतलं, दाराशी उभ्या असलेल्या दिराकडं एकदा बघितलं, पेन खाली ठेवलं, आणि साहेबांच्या शिक्क्याच्या शाईत अंगठा बुडवून पानावर दाबला.

"अहो मावशी! सही करा ना! काल तर केलीत!"

"न्हाई येत बाई मला."

"येते की! मीच शिकवलीय!"

"न्हाई म्हणलं ना. लिवा, हिला येत न्हाई."

माझं तोंड पडलंच, पण दिराचं माझ्याहून जास्त पडलं. "वहिनी, येड्यागत काय करताय? रोज तर गिरवताय!" साहेबांनी घड्याळाकडं बघत वीसमधून एक वजा केला आणि निघून गेले.

मी मावशीला नदीच्या वाटेवर गाठलं. काय काय बोलले! देशाचं नुकसान, परदेशातलं टेबल, सगळं तिच्या डोक्यावर थापलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं बाई तुमचं? आता माझं ऐका. सही केली की मान्सं समजत्यात, बाई शानी हाय. मग कागूद कोन वाचून दावतंय? अंगठ्याला मातूर चार मान्सांत वाचून दावावाच लागतो. आमचं मालक सांगून गेल्यात." अंगठ्याची शाई तिनं पदराला पुसली. "परवा दीर कागूद आननार हाय. वाचायला तुमी या."

रागातच गेले. तीच पडवी, पण त्या दिवशी चहा नाही. कागद माझ्या हातात आला आणि मी वर्गातल्या तोऱ्यात खणखणीत वाचायला लागले. चौथ्या ओळीला थांबले. नव्या कारखान्यासाठी एका कंपनीला हव्या असलेल्या नदीकाठच्या रानातला आपल्या मयत नवऱ्याचा वाटा मावशी राजीखुशीनं दिराला सोडून देते, असं त्यात होतं. खाली सहीपुरती जागा मोकळी.

"थांबला का?" मावशी म्हणाली. "वाचा. अन् परत एकदा वाचा, मोठ्यांदा. शेजारच्यांनाबी ऐकू जाऊ द्या."

दोनदा वाचलं. तिनं अंगठा पदराखाली घेतला आणि उठली. दिरानं माझ्याकडं असं बघितलं, की ते पुरोगामी डोळे मला अजून आठवतात.

एकोणीसच भरल्यामुळं वर्ग बंद झाला. मी दोन दिवस रडले. मावशीचं रान वाचलं म्हणून नव्हे हो, माझा आकडा गेला म्हणून! एवढी मी थोर.

तिसऱ्या दिवशी मावशी कासारवाडीला आमच्या दारात हजर, पाटी घेऊन. "आता वाचायचं शिकवा. सही येती मला."

वर्षभर आमच्या ओट्यावर ती शेंगदाण्यांच्या पुड्यांचे कागद वाचत होती. पुढं कंपनीनं रान घेतलं तेव्हा तिच्या वाट्याचा कागद तिच्याच नावानं निघाला. सरकारी कचेरीत मी तिच्या शेजारी उभी होते. ओळीखाली बोट धरून, एकेक अक्षर लावत ती वाचत होती. मागं रांग दारापर्यंत गेलेली.

"आजी, सही करा ना. लोक खोळंबलेत," कारकून वैतागला.

"खोळंबू दे," मावशी मान वर न करता म्हणाली. "मी आत्ताशी तिसऱ्या वळीवर हाय."