पाऊस मोजणारा

गोंदियाच्या तहसीलीत मी कारकून होतो, तेव्हा पाऊस मोजायला एक चपराशी होता. त्याने माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं कुठल्या साहेबाने खाल्लं नाही. पावसाचा आकडा रोज सकाळी तारेने नागपूरला जायचा. पण घड्याळात आठाचा ठोका पडेपर्यंत हा बाबा आवारातल्या पर्जन्यमापक यंत्राच्या बाटलीला हात लावायचा नाही. मग पाणी मापाच्या पेल्यात ओतायचा, गुडघे टेकून पेल्याला डोळा लावायचा, आणि हे सगळं तीनदा. मी ओरडलो की म्हणायचा, "घाई कायले करता, बाबूजी? पडलेला पाऊस का पळून राहिला?"

एका आषाढात पंधरा दिवस थेंब नाही. बांध्यांमधली धानाची रोपं पिवळी पडली, त्याच्या शेतातलीही. जवळच्या गोरेगावकडच्या बायका त्या यंत्राला सरकारचा देव समजून हळदकुंकू वाहायला आल्या, तर हा खेकसला, "मोजाचं भांडं हाय ते, देव नाही!"

दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो. पाहतो तर हाच पागोटं काढून यंत्राच्या नसराळ्यात लोटाभर पाणी ओतत होता. मग त्याने हात जोडले.

आठ वाजले. त्याने बाटली काढली, गुडघे टेकले, तीनदा मोजलं. "दीड इंचाले केसभर कमी," म्हणाला, आणि वहीत शून्य लिहिलं.

माझा पारा चढला. "अरे, स्वतःच ओतलंस, मग मोजलंस कशाला?"

"आठ वाजले ना, बाबूजी."