चौकशीबाईंची ताई

विद्यापीठात त्यांना सगळे चौकशीबाई म्हणत. शिकवायच्या समाजशास्त्र, पण जीव अडकलेला लिहिणाऱ्या माणसांत. कोण कुणाला थोर म्हणतं, कुणाचं पुस्तक कुणाच्या वशिल्याने निघतं, आणि मुख्य म्हणजे चांगलं लिहिणारी माणसं मध्येच गप्प का होतात, हा त्यांचा जन्मभराचा विषय. खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून त्या गावोगाव फिरल्या. लेखकमंडळींनी त्यांची धास्तीच घेतली होती. बाई फाटकाशी दिसताच एका कादंबरीकाराने बायकोला पुढे धाडलं, "अजून लिहितोय म्हणून सांग त्यांना." हा किस्सा बाई वर्गात स्वतःच रंगवून सांगत.

पुढे त्यांचं जाडजूड पुस्तक निघालं, नाव झालं, लांबलांबून व्याख्यानांची बोलावणी आली.

फक्त थोरल्या बहिणीला त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं. ताईंचा ऐन विशीत एक कथासंग्रह आला होता, जाणत्यांनी वाखाणलाही होता. मग लग्न झालं, मुलं झाली, सासऱ्यांचं आजारपण निघालं, आणि ताईंची लेखणी थांबली ती थांबलीच. घरचं माणूस अभ्यासात घ्यायचं नाही, हा बाईंचा नियम. शिवाय उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असं त्या धरून चालल्या होत्या.

बाई निवृत्त झाल्या आणि ताईंचं हृदयाचं दुखणं बळावलं. बाई त्यांच्याकडे राहायला गेल्या. एका दुपारी गोळ्या देता देता त्यांनी विचारलंच, संसारापायी लिहिणं सोडलंस ना गं?

ताई उशीला टेकून बसल्या. "संसार कुणाला चुकलाय? पुस्तक आल्यावर मी वाट बघत होते. कुणीतरी विचारेल, पुढची गोष्ट कधी? कुणी विचारलं नाही. तूही नाहीस. म्हटलं, नसेल हवी कुणाला."

आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं. त्यांच्या पुस्तकात कारणांची प्रकरणंच्या प्रकरणं होती, हे त्यांत कुठे नव्हतं.

"मग आता विचारते," बाई कशाबशा म्हणाल्या.

ताईंचा हात थरथरत असे, म्हणून त्या सांगत आणि बाई लिहून घेत. गोष्ट एका शिवणकाम करणाऱ्या आईची होती. मुलगी घर सोडून गेलेली, आणि आई दरवर्षी तिच्यासाठी अंदाजाने थोडा मोठा झगा शिवते. बाई सवयीने मध्येच विचारत, हिचं शिक्षण किती, नवरा काय करतो. ताई वैतागत. "अगं, ही गोष्टीतली आहे, तुझ्या अभ्यासातली नव्हे. लिही मुकाट्याने."

मुलगी परत येऊन दाराशी उभी राहिली, इथवर गोष्ट आली. त्या संध्याकाळी ताईंना धाप लागली. दवाखान्यात नेलं, तिथून त्या परतल्या नाहीत.

ताईंवर प्रकरण घालून नवी आवृत्ती काढू, असं प्रकाशक म्हणाला. बाईंनी नाही म्हटलं. भाचा म्हणाला, "मावशी, गोष्ट तूच पुरी कर. इतके लेखक पाहिलेस." बाई कितीतरी सकाळी कागद पुढ्यात घेऊन बसल्या. आई दार उघडते का, झगा अंगाला बसतो का, काही केल्या सुचेना. डोळे मात्र भरून येत.

शेवटी त्यांनी होती तेवढीच गोष्ट, ताईंच्या नावाने, एका मासिकाला दिली. तपासायला आलेल्या मुद्रितात संपादकाने खाली 'अपूर्ण' असं घातलं होतं. बाईंनी ते राहू दिलं.